गझालाच्या पऱ्हाटीची खोळ

गझाला कॉम्प्युटरमध्ये पऱ्हाटी लावते, कापसाची. हे मी पहिल्यांदा घरी सांगितलं तेव्हा आयुषचे आजोबा म्हणाले, "तिथं तरी पाणी पुरते का?" आयुष आमचा नातू, आणि त्याचे आजोबा म्हणजे माझे घरचे. त्यांचं नाव मी घेत नाही. साऱ्या दिग्रसला ते ठाऊक आहे.

गझाला आमच्या शेजारच्या वाहिद पेंटरची लेक. दोन घरांत भिंत एकच. तिकडे कुकरची शिट्टी झाली की इकडे मी उठून आपला गॅस पाहते, इतकं जवळ. वाहिदनं तीस वर्षं गावाच्या पाट्या रंगवल्या. जिनिंगची, सायकल दुकानाची, दवाखान्याची, आणि मोटारींच्या नंबर प्लेटा तर किती, मोजदाद नाही. मग फ्लेक्स आला. वाहिदला एका पाटीला दोन दिवस लागत, तिथं मशीन एका दुपारी दहा काढायला लागली. वाहिद ओट्यावर बसून ब्रश धुवायचा. धुतलेलेच पुन्हा धुवायचा. त्याची बायको जुबैदा मला म्हणायची, "काकी, तुम्ही तरी सांगा त्याईले, ब्रशचे केस झडून जातीन."

गझाला लहान होती तेव्हा बापाच्या बाजूला रंगाचे डबे धरून बसायची. हिरवा म्हणजे कोणता हिरवा, हे बापानं तिला येता-जाता शिकवलं. तुरीचा वेगळा, पऱ्हाटीचा वेगळा, आणि फवारा मारल्यावर दोन दिवसांनी पानावर येतो तो तिसराच. बारावी झाल्यावर तिनं यवतमाळला जाऊन-येऊन कॉम्प्युटरचा कोर्स केला. एसटीत उभी राहून जायची, उभी राहून यायची. लोक म्हणाले, पोरगी शिकून टायपिंग करीन. तिनं टायपिंग केलं नाही.

यवतमाळला विमलताई म्हणून एक बाई आहेत, त्यांची संस्था आहे. त्यांनी शेतकऱ्यांसाठी मोबाईलवर एक खेळ काढायचं ठरवलं. पत्त्यासारखा खेळ नाही. मोबाईलमध्ये एक वावर असते. त्यात आपण पेरायचं, डवरायचं, फवारायचं, कापूस वेचायचा. चूक केली तर तिथल्या तिथं दिसते, खऱ्या वावराचं नुकसान होत नाही. हे वावर डोळ्याला जसं दिसेल, ते सगळं करायचं काम गझालाला मिळालं.

मी तिला विचारलं, "झाड कसं करतं वं त्याच्यात?"

"आजी, पहिले नुसता सांगाडा असते. काड्याचा. मंग त्याच्यावर चित्र चढवा लागते. त्याले टेक्श्चर म्हनतात."

"म्हंजे खोळ. गादीले घालतो तशी."

ती हसली. "हो, खोळच."

तेव्हापासून दोन्ही घरांत खोळ हाच शब्द झाला. जुबैदासुद्धा भिंतीवरून हाक मारायची, "काकी, खोळ चढली, पाहायला या!"

खोळींसाठी गझालानं आमच्या वावरातली पानं नेली. मोबाईलनं फोटो काढले, पण पान झोपल्यासारखं दिसे. मग तिनं बापाला सांगितलं, अब्बा, तुम्ही काढून द्या. वाहिदनं कागदावर ताटाएवढं पान काढलं. शिरा, लव, देठाजवळची लालसर झाक, एका कोपऱ्याला तुडतुड्यानं खाल्लेलं. ते पाहून मी पान उलटं करून पाहायला हात पुढे केला, इतकं खरं. गझालानं त्याचा फोटो काढून आत चढवला. पानं, पात्या म्हणजे कळ्या, फुलं, बोंडं, फुटलेला कापूस, अशा एकवीस खोळी बापाच्या हातच्या झाल्या. आभाळ, रस्ता, विहीर आणि बैलजोडी तिनं एकटीनं केली. वाहिदचं ब्रश धुणं बंद झालं. आता ब्रश भरलेले असायचे.

सात महिने असे गेले. मग विमलताईंनी निरोप दिला. मंगळवारी कळंबला शेतकऱ्यांचा मेळावा आहे, तिथं खेळ दाखवायचा. लोकांना पसंत पडला तर सोयाबीनचं आणि तुरीचं वावरही गझालाच करील. नाही पडला तर चित्रांचं काम नागपूरच्या लोकांकडे जाईल. ते लोक आधीपासूनच म्हणत होते की दिग्रसच्या घरात बसून हे काम होत नसते. गझालानं हे मला सांगितलं तेव्हा ती भाकरीसोबत मिरची खात होती, आणि डोळ्याला पाणी मिरचीचं आहे असं म्हणाली.

हे यंदाचंच, गुलाबी बोंडअळीनं आमचा सगळा भाग खाल्ला त्या हंगामातलं. दसऱ्याला पऱ्हाटी माणसाच्या छातीला लागत होती. बाहेरून हिरवीगार. बोंड फोडलं की आत अळी, गुलाबी, लहान मुलाच्या बोटाच्या नखाएवढी. आयुषचे आजोबा दोनदा फवारा मारून आले, तिसऱ्यांदा गेलेच नाहीत. दिवाळी झाली तरी वावराकडे पाय वळला नाही. बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. मी काही बोलले की म्हणायचे, "तिथं काय पाहाले जाऊ?"

शुक्रवारी दुपारी संस्थेकडून गझालाच्या मोबाईलवर तो खेळ तयार होऊन आला. मी घरच्यांना म्हटलं, "आपलं वावर नाही पाहत तं मोबाईलमधलं तरी पाहा. पानं आपलीच आहेत." ओढूनच नेलं. वाहिदच्या बैठकीत आम्ही पाच जणं एका मोबाईलभोवती. गझालानं बोट लावलं. आभाळ आलं, निळं. रस्ता आला, विहीर आली, बैलजोडी आली, शेपटी हलवत. जुबैदा म्हणाली, "माशाल्ला, बैल तं हंबरीन आता." मग वावर आलं.

सगळी पऱ्हाटी गुलाबी.

पान गुलाबी, बोंड गुलाबी, कापूस गुलाबी. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

आयुषच्या आजोबांनी मोबाईलकडे पाहिलं, मग टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. म्हणाले, "आली. इथंबी आली."

मला वाटलं, पोरीनं मन लावून केलं. मी म्हटलं, "गझाला, किती खरं केलं वं. पण जरा उशिरा आणली असती अळी. लोकायले एक तरी वेचा करू दिला असता."

गझाला पांढरी पडली होती. "आजी, मी अळी केलीच नाही. अळीची खोळ अजून बनलीच नाही."

वाहिदनं मोबाईल हातात घेतला, उजेडाकडे नेला. "काकी, अळी फिकी गुलाबी असते. दुधात रूहअफ्जा पडल्यासारखी. हा तं राणी कलर आहे. लग्नातल्या मांडवाचा. असा रंग वावरात कुठंच नसते."

गझाला म्हणाली, "अब्बा बरोबर बोलतात. खोळ सापडली नाही, नाही तं फाटली, की कॉम्प्युटर सांगाड्याले हाच रंग मारते. बनवणाऱ्याच्या ध्यानात यावं म्हनून."

तिनं लगेच विमलताईंना फोन लावला. फोनचा आवाज मोठा ठेवला होता म्हणून आम्हाला ऐकू आलं.

"ताई, तुमच्याकडंबी गुलाबी दिसते का?"

"हो. मंगळवारीच आला ना आमच्याकडे. आम्ही तर म्हटलं गझालानं बोंडअळी फार प्रभावी दाखवली. ऑफिसात सगळे गप्प झाले पाहून. फक्त जरा लवकर येते."

"ताई, ती अळी नाही. बिघडलं आहे ते."

मग विमलताई म्हणाल्या, "म्हणजे चार दिवस आपण बिघाड पाहत बसलो?"

असं झालं. दुसऱ्या कोणत्याही मुलखात वावर गुलाबी दिसलं असतं तर पहिल्याच दिवशी ओरड झाली असती. आमच्याकडे सगळ्यांनी मान हलवली, हो बापा, असंच आहे, आणि चार दिवस गेले. आता मधे शनिवार, रविवार, सोमवार. विमलताई एवढंच म्हणाल्या की सोमवारी संध्याकाळपर्यंत खोळी नीट आल्या नाहीत तर नागपूरवाल्यांना सांगावं लागेल.

शनिवारी सकाळी मी तुरीच्या शेंगा सोलायला घेऊन त्यांच्याकडेच जाऊन बसले. माझा तिथं काही उपयोग नव्हता, पण पोरीजवळ कोणी असावं. गझालानं काय काय केलं ते मी पाहिलं, समजलं तेवढं सांगते. तिनं आधी कॉम्प्युटर बंद करून चालू केला. मग व्हायरस आहे का ते पाहिलं, नव्हता. मग फायलींची नावं तपासली, एखाद्या अक्षराची चूक असेल म्हणून. नावं बरोबर. मग एकेक खोळ उघडायला गेली. आभाळ उघडलं. रस्ता उघडला. बैल उघडला. पान उघडेना. कॉम्प्युटर म्हणे, हे चित्रच नाही.

"जुनी कॉपी नाही का वं?"

"होती आजी. दिवाळीत कॉम्प्युटर भरला तं काढून टाकली. फोनमधले फोटोबी काढले. अब्बांचे कागदबी रद्दीत गेले. म्हटलं, काम तं झालं." तिनं कपाळावर हात मारून घेतला, जोरात.

वाहिद मधे मधे दारात यायचा. "पोरी, चहा ठेवू? मी काही करू?" गझाला म्हणायची, काही नाही अब्बा. तो जायचा, पुन्हा यायचा.

ती बोटावर मोजत बसली. "आजी, आभाळ चांगलं, रस्ता चांगला, विहीर चांगली. पऱ्हाटीच्याच एकवीस खराब. रोग असता तं साऱ्याले लागला असता. हे निवडून निवडून काहून लागलं?"

मी म्हटलं, "अळीबी निवडूनच लागते. तुरीले हात नाही लावत."

ती हसली नाही. पण तिला काहीतरी आठवलं. मोबाईलवर खेळ जड होऊ नये म्हणून कोणती खोळ किती वजनाची आहे, याची यादी तिनं मागच्या महिन्यात विमलताईंना पाठवली होती. वजन म्हणजे किलो नाही, त्यांचं कॉम्प्युटरचं वजन. ती यादी तिनं काढली आणि आताची वजनं शेजारी लिहायला लागली. मी शेंगा सोलत होते. तिचा पेन थांबला.

"आजी, या पानाचं वजन वीसनं वाढलं."

"बरं."

"या फुलाचंबी वीसनं. बोंडाचंबी वीसनं. पाहा, एकवीसच्या एकवीस. ना एकोणीस, ना एकवीस. वीस."

मी म्हटलं, "कापसावर पाणी मारून वजन वाढवणारे असतात तसं कोणी केलं का?"

"पाण्यानं सारखं वाढत नाही ना आजी." ती खुर्चीवर पाय घेऊन बसली. "याच्यात एक अक्षर लिहिलं की वजन एकानं वाढते. म्हंजे कोणीतरी हरेक खोळीत वीस अक्षरं लिहिली."

मग तिनं पानाची फाईल चित्रासारखी न उघडता वहीसारखी उघडली. आत सगळी कोंबडीनं उकरल्यासारखी अक्षरं, पानं पानं भरून. ती खाली खाली गेली, अगदी तळाला. तिथं थांबली. इंग्रजी अक्षरं होती, नंबर प्लेटवर असतात तशी मोठी. मला वाचता येत नाही.

"काय लिहिलं वं?"

ती आणखी पुढे सरकली. बोट लावून मोजलं, मधल्या जागा धरून. वीस भरली.

"नाव आहे, आजी."

"कोणाचं?"

तिनं दाराकडे पाहिलं. वाहिद ओट्यावर बसला होता, पाठ आमच्याकडे. "वाहिद पेंटर दिग्रस," ती हळूच म्हणाली.

जुबैदा आत पोळ्या लाटत होती, तिनं ऐकलं. लाटणं हातात घेऊनच बाहेर आली. "जेवल्याशिवाय सांगू नको त्याईले. सकाळपासून नुसता चहा आहे पोटात." हे बरोबर होतं. वाहिद जेवला. मी तिथंच बसून राहिले, कारण आता उठले असते तर त्याला वाटलं असतं काहीतरी आहे. तसं त्याला वाटलंच.

गझालानं विचारलं, "अब्बा, मागच्या सोमवारी मी यवतमाळले गेलती, तेव्हा तुम्ही कॉम्प्युटर लावलता का?"

"लावलता," वाहिद म्हणाला. अगदी सरळ. "सही करायची होती ना. दुसऱ्या दिवशी काम चाललं होतं बाहेर. तीस वर्षांत माह्या हातची एक पाटी बिननावाची नाही गेली. खाली कोपऱ्यात छोटं नाव. तू तं करत नाहीस, म्हटलं आपण करून ठेवू, तिले काम पडू नये."

"कसं केलं अब्बा?"

"कॉम्प्युटरनं विचारलं कशात उघडू. मले लिहायचं होतं, तं वहीचं चित्र होतं ते दाबलं. आत सारं वाकडंतिकडं दिसलं. मले वाटलं आतून असंच असन. भिंतीच्या आत इटा असतात तसं. मी त्याले बोट नाही लावलं. एकदम खाली गेलो, नाव टाकलं, सेव्ह केलं. तूच शिकवलं सेव्ह कराले."

"अन् आभाळावर, रस्त्यावर काहून नाही टाकलं?"

वाहिदला राग आला. "ते तुह्या हातचं आहे. दुसऱ्याच्या कामावर नाव टाकाले मी चोर आहो का?"

गझालाला हसू आलं आणि रडूही. तिनं त्याला समजावून सांगितलं. वहीत उघडून सेव्ह केलं की कॉम्प्युटर चित्रातल्या रिकाम्या जागा आपल्या मनानं भरून टाकतो. नाव पुसलं तरी चित्र परत येत नाही. वाहिद ऐकत राहिला. मग त्यानं विचारलं, "एकवीसच्या एकवीस?" ती हो म्हणाली. तो उठला, ब्रशचा डबा घेतला आणि माळ्यावर ठेवून आला. तीन पायऱ्यांची शिडी, पण उतरायला फार वेळ लावला.

"आता मी हात नाही लावत कशाले," तो म्हणाला. "विमलताईले सांगून दे, बापानं नासवलं."

"सांगू नंतर. अब्बा, कॉम्प्युटरले नका लावू हात. ब्रशले लावा. तीन दिवस आहेत."

"नाही."

जुबैदानं सांगून पाहिलं, गझालानं पाय धरले. तो नाहीच म्हणे. शेवटी मी म्हटलं, "वाहिद, माह्या वावरात यंदा एक पान धड नाही. तू काढलं होतं ते एकच चांगलं होतं. तेबी ठेवत नाहीस का?" तो उठून आत गेला. पण थोड्या वेळानं शिडीवर चढण्याचा आवाज आला.

त्यानं एका अटीवर काढायचं कबूल केलं. पान समोर पाहिजे. आठवणीनं काढीन तर खोटं होईल. श्रावणात त्याच्यासमोर माझं पान होतं. आता नोव्हेंबरात चांगलं पान आणि चांगलं बोंड आणायचं कुठून? मी घरी येऊन बाजेशी उभी राहिले. म्हटलं, "वावरात जा अन् एक बोंड आणा, अळी नसलेलं."

"नाही भेटत."

"न पाहताच?"

ते उठले. किती दिवसांत पहिल्यांदा वावराकडे निघाले. शनिवारी दुपारी गेले ते ऊन उतरल्यावर आले. रविवारी सकाळी सांगायच्या आधीच गेले. ओळीओळीनं पाहिलं म्हणाले. दीड पोतं बोंडं फोडली. विहिरीच्या कडेला बी उरलं म्हणून मी मागाहून टोबलेली सात झाडं होती, त्यांच्यावर चार बोंडं धड निघाली. पानं आणि बोंडं ओल्या दुपट्ट्यात गुंडाळून आणली, तान्ह्या बाळाला आणावं तसं जपून. वाहिदच्या पाटावर ठेवली आणि म्हणाले, "पेंटर, ही बिमार नाहीत. चांगली पाहून काढ." मग तिथंच भिंतीला टेकून बसले. दोन दिवस तिथंच.

रविवार आणि सोमवार त्या बैठकीत शाळा भरली होती. वाहिद काढायचा, गझाला फोटो काढून चढवायची, आणि आम्ही दोघं म्हातारे चुका काढायचो. "देठ एवढा जाड नसते बापा." "पाती अजून बंद आहे, उघडी काहून काढली?" "बोंडाले ते काळे ठिपके असतात, रोगाचे नाहीत, असतातच." एकदा आयुषच्या आजोबांनी आणि वाहिदनं फुलाच्या रंगावरून असं भांडण केलं की जुबैदानं दोघांचा चहा परत नेला. पहिल्या दिवशी पिवळट पांढरं, दुसऱ्या दिवशी गुलाबीसर, एवढंच होतं भांडण. दोघंही बरोबर होते.

सोमवारी दिवे लागायच्या आत वीस खोळी गेल्या. एकविसावी फुटलेल्या कापसाची. तेवढी राहिली. लाईट गेली ती दोन तास आली नाही, आणि कॉम्प्युटरच्या बॅटरीनं मान टाकली. गझालानं विमलताईंना कळवलं की एक खोळ उद्या पेनड्राइव्हवर सोबतच आणते. विमलताई नुसतं "ठीक" म्हणाल्या. ते ठीक कसं होतं, हे कळेना.

मंगळवारी आम्ही पहिल्या एसटीनं निघालो, यवतमाळहून गाडी बदलून कळंबला. गझाला, वाहिद आणि मी. वाहिद कशाला, असं कोणी विचारलं नाही. गझाला गाडीत कितीतरी वेळ ओठ हलवत होती. मला वाटलं दुवा मागते. ती म्हणाली, "नाही आजी, ताईले काय सांगायचं ते पाठ करून राह्यली. म्हनते, कॉम्प्युटरमध्ये बिघाड झाला. हे खोटं तं नाही ना?"

"अर्धं आहे," मी म्हटलं.

हॉलमध्ये दीडशे माणूस असेल. बायाही होत्या. गझालानं शेवटची खोळ तिथंच बसून चढवली. पडद्यावर वावर आलं, हिरवं. लोकांनी फोन हातात घेऊन खेळून पाहिला. पेरलं, डवरलं, वेचलं. मागून एक बाई म्हणाली, "पानाची उलटी बाजू वरती लावली हो, लव खालून असते." खरंच तसं झालं होतं, घाईत एक पान उलटं चढलं होतं. पण ती बाई पुन्हा म्हणाली, "म्हंजे लव काढली तं आहे. आतापर्यंत कोणी पाहिलीबी नव्हती." एका म्हाताऱ्यानं मोबाईल परत द्यायला नकार दिला. एवढा वेचा होऊ दे, म्हणाला.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत विमलताई गझालाजवळ आल्या. "पसंत आहे लोकांना. आता सांग, झालं काय होतं?"

गझालानं पाठ केलेलं सुरू केलं. "ताई, कॉम्प्युटरमध्ये..." आणि थांबली. वाहिद दहा पावलांवर पाण्याच्या टाकीशी उभा होता, ग्लास धुवत. धुतलेलाच ग्लास. "माह्या अब्बांनी खोळीवर सही केली," ती म्हणाली, आणि मग सगळं सांगून टाकलं. वही, नाव, वीस अक्षरं, माळ्यावरचा डबा. वाहिदही तोवर जवळ आला होता. "गुन्हा माहा आहे ताई. पोरीचं काम काढू नका."

विमलताईंनी जेवणाच्या डब्याचं झाकण बंद केलं. "काढणार होते," त्या म्हणाल्या. "काल संध्याकाळी नागपूरला फोनही लावला होता. त्यांनी उचलला नाही." मग गझालाकडे वळून म्हणाल्या, "आमच्या ऑफिसात पाच शिकलेली माणसं आहेत. चार दिवस राणी कलर पाहत होती. पण फायली अशा उघड्या ठेवून काम होत नाही. सोयाबीन तुझं. आठवड्यात तीन दिवस यवतमाळला येऊन बसायचं, आणि प्रत्येक खोळीची दुसरी कॉपी ऑफिसात. पुन्हा असं झालं तर मी बोलणार नाही, सरळ काम जाईल."

"अन् तुरीचं?" गझालानं विचारलं. मला वाटलं आता ही जास्त झाली.

"सोयाबीन पाहून."

वाहिद म्हणाला, "सोयाबीनचं पान सोपं नसते ताई. तीन तीन असतात." विमलताईंना हसू आलं. त्या दिवसातलं त्यांचं पहिलंच.

आता गझाला सोमवार ते बुधवार यवतमाळला जाते. बाकी दिवस घरी. आयुषच्या आजोबांनी वावर नांगरून घेतलं, पुढच्या वर्षी काय पेरायचं ते अजून सांगत नाहीत. विचारलं तर म्हणतात, पाहू. पण चालत जातात रोज.

गझालानं कॉम्प्युटरला कुलूप लावलं आहे, म्हणजे आत एक शब्द टाकावा लागतो. वाहिदला तो शब्द माहीत नाही. तो मला म्हणाला, "काकी, पोरीनं बापाले कुलूप लावलं." मी म्हटलं, बरं केलं. मग गझालाच म्हणाली, शब्द सांगते अब्बा, पण पहिले परीक्षा. फाईलची कॉपी काढून, ती दुसऱ्या ठिकाणी ठेवून, मग उघडून दाखवायची. दर गुरुवारी परीक्षा असते, मी शेंगा घेऊन पाहायला जाते. परवा वाहिद तिसऱ्यांदा नापास झाला. कॉपी काढली, बरोबर ठेवली, आणि उघडताना पुन्हा वहीचंच चित्र दाबलं. जुबैदा म्हणते, शाळेतबी असेच होते, पेपरावर नाव तेवढं सुंदर लिहायचे.